शजऱ्याबाहेरचे पूर्वज

'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न मराठी मुसलमानाला आयुष्यात किती वेळा ऐकावा लागतो याची मोजदाद नाही. गावाचे नाव सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. 'ते झाले हो, पण त्याच्याआधी?' असा पुढचा प्रश्न ठरलेलाच. गंमत अशी की विचारणाऱ्याला जे उत्तर हवे असते, तेच उत्तर आमच्या घरांतूनही पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कुणाचे मूळपुरुष अरबस्तानातून घोड्यांचा व्यापार करीत आले, कुणाचे इराणातून, कुणाचे बादशाही फौजेबरोबर. ज्या घराला यातले काहीच सांगता येत नाही, ते घर नुसतेच 'शेख' म्हणून मोकळे होते.

दोन्ही बाजूंची नजर एकाच दिशेला लागलेली असते, गावाच्या वेशीपलीकडे. आमचे पूर्वज मात्र बहुतेक करून वेशीच्या आत सापडतात. मशिदीला लागून असलेल्या इनामाच्या तुकड्यात, बलुत्याच्या पेंढीत, काझीच्या दफ्तरात, सुताराच्या नि कुंभाराच्या शेजारी बसून केलेल्या सहीत ते सापडतात. त्यांना शोधायचे तर कुठे पाहावे, आणि ते सापडले तर त्यांचे आपण काय करावे, या दोन गोष्टींचा विचार या लेखात करायचा आहे.

शजऱ्याची परंपरा

शजरा म्हणजे झाड. आपल्याकडे हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. सूफी सिलसिल्याचा शजरा गुरूकडून शिष्याकडे उतरतो आणि खानदानाचा शजरा बापाकडून मुलाकडे. मुस्लिम जगात वंशज्ञान हे एक शास्त्रच मानले गेले. बाराव्या शतकातल्या समआनी या विद्वानाने 'किताबुल अन्साब' नावाचा मोठा ग्रंथ रचला. माणसाच्या नावामागे लागणारे गावाचे, टोळीचे, धंद्याचे उपपद कसे आले, याची त्यात अक्षरवार नोंद आहे.

आपल्या मुलखात शजरा जपला तो मुख्यतः सय्यद घराण्यांनी, दर्ग्याच्या मुजावरांनी, काझी आणि खतीब यांनी. त्याला कारणही रोकडे होते. इनाम कुणाच्या नावे चालायचे, उरुसात संदल कुणी न्यायचा, गलेफ प्रथम कुणी चढवायचा, हे सारे वंशावर ठरे. शजरा हा अभिमानाचा जसा, तसा मिळकतीचाही कागद होता. ज्यांच्याकडे मिळकत नव्हती त्यांच्याकडे शजराही नव्हता. तांबोळ्याने, पिंजाऱ्याने, मोमिनाने वंशाचा कागद जपून ठेवावा असे त्याच्या पदरात काही नव्हते.

आमच्या हिंदू शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातला साधा शेतकरीदेखील त्र्यंबकेश्वरी गेला की तिथला तीर्थोपाध्याय वही उघडतो आणि आजा-पणजा कधी येऊन गेला ते वाचून दाखवतो. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येतो आणि कुळाची नावे म्हणतो. आमच्या गरीब घरांना असा कुणी वहीवाला लाभला नाही. कबरस्तानात जावे तर बहुतेक कबरी कच्च्या. चार पावसाळ्यांत माती सपाट होते, उशाला एखादा दगड आणि वर बोरीचे झुडूप एवढेच राहते. मग मागे राहते ती आठवण, आणि आठवणीला दोन-तीन पिढ्यांपलीकडे दम नसतो.

या रिकाम्या जागी मोठे नाव येऊन बसले तर नवल नाही. उत्तरेत एक जुनी म्हण आहे की गेल्या साली आम्ही जुलाहे होतो, यंदा शेख झालो आणि धान्याला भाव आला तर पुढच्या साली सय्यद होऊ. म्हण हसण्यावारी नेण्यासारखी आहे, पण तिच्यात दुखरी जागाही आहे. धंद्याच्या नावाने हिणवले जाण्याची भीती नसती तर कुणी आपल्या आजोबाला बदलले नसते.

समुद्राने आलेले, इथे जन्मलेले

बाहेरून कुणी आलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कोकण किनाऱ्यावर मुसलमान वस्तीचा पुरावा अकराशे वर्षांचा आहे. अल-मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, चौलला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहात असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक होते. पण त्याने आणखी एक नाव नोंदवले, बयासिरा. हिंदच्या भूमीवर मुसलमानांच्या पोटी जन्मलेले ते बयासिरा. शिवकाळाच्या सातशे वर्षे आधी, दिल्लीला सुलतान बसण्याच्या कितीतरी आधी, 'इथेच जन्मलेला मुसलमान' यासाठी एक स्वतंत्र शब्द किनाऱ्यावर वापरात होता, याचा अर्थ काय तो आपण लावावा.

त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ मधला चिंचणीचा ताम्रपट आहे. चिंचणी आज पालघर जिल्ह्यात येते. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता. संस्कृत ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. ते 'मुहम्मद'चे रूप आहे. बापाचे नाव 'सहियारहार', म्हणजे शहरियार. याच मधुमतीने नदी ओलांडण्यासाठी मोफत होड्यांची सोय केली, अन्नछत्र चालवले आणि एका मठासाठी जमीन देण्यास संमती दिली, असे ताम्रपट सांगतो. बाहेरून आलेल्या घराण्याच्या एका माणसाचे नाव इथल्या भाषेने इतके आपलेसे करून टाकले की आज ते ओळखायला पंडित लागतो.

पुढे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी हलवली, तेव्हा दिल्लीकडची माणसे दख्खनेत आली. हजरत बुरहानुद्दीन गरीब त्यांतलेच. ते १३३७ मध्ये वारले आणि खुलदाबादला विसावले. बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानांच्या पदरी इराणी, तुर्क, हबशी आले. १८५७ नंतर उत्तरेकडचे विणकर मोमीन मालेगाव आणि भिवंडीला येऊन माग चालवू लागले. ही सारी येणी खरी आहेत. पण गावोगावच्या मुलाणी, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार या घरांचा हिशेब केवळ या येण्यांतून लागत नाही. ती माणसे बहुतांशी याच मातीतली.

ती मुसलमान कशी झाली, याचे एकच ठोकळेबाज उत्तर इंग्रजांच्या काळात छापले गेले. जेम्स कँपबेलच्या देखरेखीखाली १८८० च्या दशकात मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियरे निघाली. त्यांत प्रत्येक धंद्याच्या मुसलमानांवर एकेक परिच्छेद आहे आणि अमक्या बादशहाने यांना बाटवले, असे एकाच साच्यातले वाक्य पुन्हा पुन्हा येते. ही माहिती ऐकीव होती. कागद तपासून ती लिहिलेली नव्हती. त्याच परिच्छेदांत पुढे मात्र डोळ्यांनी पाहिलेले आहे. बायका हिंदू बायकांसारखी साडी-चोळी नेसतात, घरात दख्खनी बोलतात, बाहेर मराठी बोलतात. ऐकीव वाक्य वादाला वापरले गेले आणि पाहिलेले तसेच पडून राहिले.

विजापूरच्या सूफींचा अभ्यास रिचर्ड ईटन या इतिहासकाराने केला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधले. दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावांची गीते आहेत. बायकांनी दळताना, सूत काततांना ती म्हणायची. जात्याच्या खुंट्यात, चरख्याच्या फिरण्यात अल्लाचे आणि पीराचे नाव गुंफलेले. इस्लाम आमच्या घरांत शिरला तो असा, जात्याच्या घरघरीतून, हळूहळू, दोन-चार पिढ्यांत. अशा बदलाची तारीख नसते. मग तारीख सांगणारी गोष्ट रचली जाते, कधी इतरांकडून, कधी आपणच.

मोडीतले मुसलमान

आता कागदाकडे वळू. आमचे पूर्वज फारसीत आहेत अशी समजूत असते. काही आहेतही. पण जिल्ह्या-परगण्याचा रोजचा कारभार दख्खनेत मराठीत चाले. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात हिशेबाचे दफ्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. आदिलशाही फर्मानांवर वर फारसी आणि खाली मोडी असा दुहेरी मजकूर अनेकदा आढळतो. तेव्हा साध्या मुसलमान घराचा पुरावा शोधायचा तर मोडी आली पाहिजे.

मोडी कागद उघडला की पहिल्यांदा भेटते ती तारीख. पेशव्यांच्या दफ्तरातल्या पत्रावरही 'छ' हे अक्षर, म्हणजे चंद्र, आणि त्यापुढे मोहरम, सफर, रबिलावल असा महिना असतो. वर्ष शुहूर सनाचे आणि तेही अरबी अंकांत, 'मया व अलफ', म्हणजे शंभर आणि हजार. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. पुण्याचा ब्राह्मण कारकून हिजरी महिन्यांवर दिवस मोजत होता आणि त्याला त्यात काही वेगळे वाटत नव्हते. आमच्या तरुणांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे आम्हांला फार वाटते.

दुसरा महत्त्वाचा कागद महजराचा. वतनाचा, हद्दीचा, मानपानाचा तंटा गोतसभेपुढे येई. निवाडा लिहून त्यावर काझीचा शिक्का पडे आणि हजर असलेल्यांची नावे लिहिली जात. ज्याला अक्षर येत नसे त्याची निशाणी काढत. पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे त्याचे हत्यार. या हजर मजलिशीत मुलाणाही बसलेला आहे. मोल्सवर्थच्या कोशात बलुतेदारांची जी यादी आहे तिच्यात भट, गुरव आणि कोळी यांच्या ओळीत मुलाणा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथातही तो आहे. मशिदीत दिवाबत्ती करणे, बांग देणे आणि गावाचा बकरा हलाल करणे ही त्याची कामे. त्याने सुरी फिरवल्याखेरीज मराठ्यांच्या घरीही कित्येक गावांत मटण शिजत नसे. त्याबदल्यात खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे.

या माणसाला गावाबाहेरचा कसे म्हणायचे? सुगीत धान्याच्या राशीवर ज्याचा हक्क आहे, आणि गावच्या भांडणात ज्याची साक्ष घेतली जाते, तो गावाचाच. त्याच्याकडे शजरा नव्हता. पण त्याचे नाव, बापाचे नाव आणि काम अशा तीन गोष्टी कागदावर आहेत. सात पिढ्यांच्या ऐकीव कहाणीपेक्षा या तीन गोष्टींचे मोल आम्हांला अधिक वाटते.

तिसरा साठा इनामांचा. इंग्रजांनी १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि मुंबई इलाख्यातल्या इनामांची झडती सुरू झाली. इनाम कुणी दिले, कधी दिले, तेव्हापासून आजवर कोण कोण खात आले, हे इनामदाराला सिद्ध करावे लागले. कैफियती लिहून घेण्यात आल्या, वंशावळी जोडण्यात आल्या. अनेकांची इनामे या चौकशीत गेली. पण घेणाऱ्याने घेताना जे लिहून ठेवले तेच आज शोधणाऱ्याच्या कामी येते. मशिदीचे, दर्ग्याचे, काझीपणाचे, खतीबीचे हजारो कागद असे पुण्याच्या पेशवे दफ्तरात जाऊन पडले. तिथे कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले. ते राजकारणाचे कागद. मुलाण्याचा रुमाल अजून बांधलेलाच आहे.

धंद्याचे नाव

आमच्या आडनावांकडे पाहा. अत्तार, मणेर, बागवान, तांबोळी, नदाफ, शिकलगार, मोमीन, पटवेकर. कोकणात नाखवा, मुकादम, सरखोत. शिवाय पाटील, देशमुख, इनामदार, चौधरी. प्रत्येक आडनाव म्हणजे पूर्वजाच्या कामाचा दाखला. तरीही कित्येक घरांनी शहरात आल्यावर हे नाव टाकले आणि शेख, सय्यद, खान लावले. मुंबईत चाळीतल्या दारावर 'पिंजारी' लिहायची लाज वाटली.

ही लाज आमच्या धर्मपरंपरेने दिलेली नाही. बगदादेत ९२२ मध्ये सुळी गेलेल्या मन्सूरचे उपनाम हल्लाज, म्हणजे कापूस पिंजणारा. फरीदुद्दीन अत्तार हे औषधी नि सुगंधी विकणाऱ्या अत्ताराचेच नाव. हनफी न्यायशास्त्रातले तीन मोठे विद्वान घ्या. ८७४ मध्ये वारलेले खस्साफ, म्हणजे चांभार. ९८१ मध्ये वारलेले जस्सास, म्हणजे चुन्याची गिलाई करणारे. आणि १०३७ मध्ये वारलेले कुदूरी, म्हणजे भांड्यांशी संबंध असलेले. कुदूरींचे पुस्तक आजही मदरशांत शिकवले जाते. वक्फच्या कायद्यावर लिहिणारे खस्साफ स्वतः जोडे शिवून पोट भरत, असे सांगतात. समआनीच्या ग्रंथात असली धंद्याची नावे ओळीने आहेत आणि त्यांत कुठे हिणकस भाव नाही. आदमची सारी लेकरे एक आहेत, जमाती केल्या त्या ओळख पटावी म्हणून, आणि मोठेपण परहेजगारीवर ठरते, ही शिकवण आम्ही खुतब्यात ऐकतो. मग सोयरिकीच्या वेळी मात्र 'बिरादरी कोणती?' हे पहिल्यांदा विचारतो.

हल्लाजचे नाव आदराने घ्यायचे आणि शेजारच्या नदाफाला मुलगी द्यायची नाही, हा मेळ आपण कसा घालतो?

नसलेल्या बायका

कोणताही शजरा उघडा, त्यात बाईचे नाव नाही. झाड आहे आणि मुळे नाहीत, असा हा प्रकार. वतनाच्या कागदांत ती क्वचित येते, तीही विधवा म्हणून. १८८६ च्या पाचव्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या वतनी कुटुंबांत मुलींचा वारसाक्रम मागे ढकलला गेला. १९३७ चा शरीअत कायदा आला तेव्हा शेतजमीन त्याच्या कक्षेबाहेर राहिली. मजहबने दिलेला वाटा फेरफाराच्या नोंदीपर्यंत पोचता पोचता 'हक्कसोड' होऊन जातो, हे आपण आपल्याच गावात पाहतो. बहिणीने भावासाठी हक्क सोडला की सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते, आणि दोन पिढ्यांनी ती होती हेही विसरले जाते.

बाई सापडते ती एकाच ठिकाणी, काझीच्या निकाहाच्या दफ्तरात. तिथे तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, गाव, महरची रक्कम, वकील आणि दोन साक्षीदार असतात. पूर्वजांच्या शोधात या दफ्तराइतका मोलाचा कागद दुसरा नाही, कारण तो एका घराला दुसऱ्या घराशी जोडतो. महरच्या आकड्यांवरून त्या घरांची ऐपत कळते, गावांच्या नावांवरून सोयरिकीचा पल्ला कळतो, साक्षीदारांवरून शेजार कळतो. अनेक ठिकाणी ही दफ्तरे काझी घराण्याच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी आहेत. जमातीने पैसे जमवून मशिदीला फरशी घालण्याआधी या वह्यांचे फोटो काढून घेतले तर येणाऱ्या पिढ्या दुवा देतील.

खलाशी

कोकणातल्या घरांचा शोध जमिनीवर पुरा होत नाही. तिथला पूर्वज बोटीवर गेला. रत्नागिरी-रायगडकडची माणसे इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर खलाशी, आगवाले, सारंग म्हणून गेली. काही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला स्थायिक झाली आणि तिथे 'कोकणी मुसलमान' या नावाने ओळखली गेली. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी नाविकांचे स्मारक आहे. त्यात दोन हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. त्यांना कबर नाही, कफन नाही. जी काही खूण आहे ती तिथेच. कोकणी जमातींच्या किती घरांत हे माहीत आहे, आणि ईदच्या दिवशी तिथे फातिहा पढायला किती जण जातात?

आजचा प्रश्न

पूर्वजांचा शोध हा रिकामपणचा छंद आहे असे कुणाला वाटेल. तसे ते नाही. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत मोमीन, तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, मणियार, मुलाणी या जमाती आहेत. त्या सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो, आणि जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. अर्जासोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ जोडावी लागते. म्हणजे ज्या घरात कधी शजरा नव्हता, त्या घरातल्या मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी शजरा मांडावा लागतो!

आणि तिथेच घोडे अडते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मास्तरांनी विचारले नाही किंवा आजोबांनी सांगितले नाही. जन्मतारीख बहुतेकांची १ जून, तीही मास्तरांनीच ठरवलेली. धंद्याच्या नावाची जी लाज दोन पिढ्यांपूर्वी वाटली, तिची किंमत आज नातवंडे मोजत आहेत. अशा वेळी एखादी जुनी नोंद, एखादा फेरफार, एखादे खरेदीखत, ज्यात 'अमुक वल्द तमुक पिंजारी' असे लिहिले आहे, ते घराचे नशीब पालटते.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभरचे जुने दफ्तर बाहेर निघाले. मोडी, उर्दू, फारसी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. मराठवाड्याचे निजामकालीन कागद हैदराबादेत जाऊन पाहिले गेले. त्याच पानांवर, कुणब्याच्या ओळीच्या खाली-वर, आमचेही लोक आहेत. त्यांच्यासाठी ती पाने आम्हीच चाळायला हवीत. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातींचीही गणना करण्याचा निर्णय जाहीर केला आहे. गणनेचा माणूस दारात येईल तेव्हा आपण काय सांगणार, याचा विचार आधीच झालेला बरा.

२०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या चर्चेने आमच्या मोहल्ल्यांत कागदांची धावपळ उडाली होती, तीही आठवते. ट्रंका उपसल्या गेल्या, झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. तेव्हा आम्ही कागद शोधले ते भीतीपोटी. भीतीने शोधणारा माणूस कागदावर फक्त तारीख आणि शिक्का पाहतो. त्याच कागदावर आपली पणजी आहे हे त्याला दिसत नाही.

कसे शोधावे

सुरुवात घरातल्या सर्वांत थोरल्या बाईपासून करावी. तिला तिचे माहेर विचारावे, आईचे माहेर विचारावे, लग्नाचे वऱ्हाड कुठून कुठे गेले ते विचारावे. पुरुष शेतीचे गट नंबर सांगतात, बाई माणसे सांगते. मग शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही मिळाली तर तीत मयताचे नाव, जात आणि कित्येकदा मरणाचे कारणही असते. पटकी, प्लेग, ताप. १९१८ च्या तापाच्या साथीत एकेका घरातली तीन-तीन नावे ओळीने आढळतात. त्यानंतर फेरफार, मग इनामाचे कागद. १९५० च्या दशकात वतने आणि सेवा-इनामे रद्द करणारे कायदे झाले, त्या वेळच्या चौकश्यांतही बरीच नावे आहेत. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर इथे पुराभिलेखागारे आहेत. मराठवाड्यातल्यांना हैदराबाद गाठावे लागते.

नावे ओळखताना सावध राहावे. मोडी कागदात शेख 'सेक' होतो, सय्यद 'सैद', हुसेन 'उसेन'. एकाच गावात तीन इमाम आणि दोन दस्तगीर असतात. नाव जुळले म्हणून नाते जुळत नाही. बापाचे नाव, काम आणि जमिनीचा तुकडा या तीनही गोष्टी जुळल्या तरच तो आपला माणूस मानावा. जिथे जुळत नाही तिथे वंशावळीतली जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा खोट्या सय्यदापेक्षा बरी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पूर्वज इथलेच निघाले की काही मंडळी टाळ्या वाजवून म्हणतात, 'मग परत या!' त्यांना आमचे सांगणे एवढेच की आमचे पूर्वज कुठे गेलेच नव्हते, मग आम्ही परत कुठून यायचे? ज्याने पाचशे वर्षांपूर्वी कलमा पढला तो आमचा पूर्वज, आणि त्याचा बाप, ज्याने पढला नव्हता, तोही आमचा पूर्वज. पहिल्याचा ईमान आमच्याकडे वारशाने आला आहे, दुसऱ्याची भाषा आणि हातातले कसब आले आहे. यातला एक वारसा घेतला म्हणून दुसरा हक्कसोड करून द्यावा लागत नाही. उलट, अरबस्तानातून कुणी खरोखरच आला असेल तर त्याचाही संकोच नको. अकराशे वर्षांपूर्वीच्या चौलात दोघे एका मशिदीत नमाज पढत होते.

शजऱ्यात ज्यांना जागा मिळाली नाही ते संख्येने फार. त्यांनी सरकी काढली, कापूस पिंजला, बांगड्या भरल्या, पानाचे विडे बांधले, तलवारींना पाणी दिले, शिडे ओढली, गावाचा बकरा कापला आणि संध्याकाळी मशिदीत दिवा लावला. त्यांनी आमच्यासाठी मोठे नाव ठेवले नाही, पण सही ठेवली आहे, निशाणी ठेवली आहे. ती वाचायला मोडी शिकायला हवी, आणि मोडी शिकायला तीन महिने पुरतात. प्रत्येक गावच्या जमातीतून दोन मुले आणि दोन मुली एवढे तरी करायला निघाल्या, तर 'तुम्ही मूळचे कुठले?' या प्रश्नाला गावाचे नाव, वाडीचे नाव आणि आजोबाच्या धंद्याचे नाव मान ताठ ठेवून सांगता येईल.